शेवाळावर ॲट्राझीन: प्रयोगशाळेच्या वहीतून

३ जून

विषय पक्का झाला. ॲट्राझीन या तणनाशकाची गोड्या पाण्यातल्या शेवाळावरची विषारिता, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१ क्रमांकाच्या चाचणी पद्धतीने. मॅडमचं म्हणणं होतं, आधी नेहमीचं एखादं रसायन घे, पद्धत हातात बसव, मग पुढचं बघू. पण उसाच्या पट्ट्यात राहून हात बसवायचाच आहे तर आपल्याच शिवारातलं औषध का नको? शिरोळ, हातकणंगल्याकडं लागण झाली आणि वापसा आला की तण उगवायच्या आत ॲट्राझीन मारतात. भांगलणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर हजेरी परवडत नाही. पाकीट त्यापेक्षा स्वस्त पडतं. आमच्या घरीही हेच चालतं, त्यामुळे ‘शेतकऱ्यांनी हे वापरूच नये’ असला सूर या कामात आणायचा नाही. आकडा काय येतो ते बघायचं.

रसायन जुनं आहे. गायगी कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणलेलं. युरोपीय संघाने २००४ मध्ये परवानगी नाकारली, मुख्यतः भूजलात सापडतं म्हणून. तिथे भूजलातल्या कुठल्याही एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेत मक्यावर आजही सर्रास चालतं. आपल्याकडे मे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा केंद्राने काढला, त्यात याचंही नाव होतं.

शेवाळच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. ॲट्राझीन प्रकाशसंश्लेषणावर घाव घालतं. हरितलवकात प्रकाशप्रणाली दोनमधलं डी१ नावाचं प्रथिन आहे, तिथे प्लास्टोक्विनोन येऊन बसतं आणि इलेक्ट्रॉन पुढे नेतं. ॲट्राझीन ती जागा अडवतं. ही यंत्रणा हरळीत आहे तशीच ओढ्यातल्या एकपेशीय शेवाळातही आहे, म्हणजे औषध काही शेवाळाला वगळून जाणार नाही. माशांवर आणि डॅफ्नियावर (पाण्यातल्या पिसवांवर) याचा तीव्र परिणाम दिसायला मिलिग्रॅममध्ये मात्रा लागते, शेवाळाला मायक्रोग्रॅम पुरतात.

७ जून

शेवाळाचा संवर्ध (प्रयोगशाळेत वाढवलेलं जिवंत शेवाळ) आला. राफिडोसेलिस सबकॅपिटाटा, स्कॉटलंडमधल्या ओबनच्या संग्रहातला २७८/४ हा वाण. १९५९ मध्ये नॉर्वेतल्या नितेल्वा नदीतून स्कुलबर्ग यांनी वेगळा केलेला. आधी सेलेनास्ट्रम, मग स्यूडोकिर्चनेरिएला, आता राफिडोसेलिस, त्यामुळे जुने अहवाल शोधताना तिन्ही नावांनी शोधावं लागतं.

पंचगंगेचं शेवाळ सोडून नॉर्वेचं कशाला, हा प्रश्न परवाच्या चर्चेत ज्युनिअरने विचारला आणि तो रास्त आहे. उत्तर एवढंच की जगभर याच वाणावर चाचण्या झाल्यात, त्यामुळे आपला आकडा दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवता येतो. पंचगंगेत काय होईल हे या चाचणीतून थेट कळत नाही. अहवालात हे वाक्य पहिल्याच पानावर टाकणार आहे.

पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. कोयरीसारख्या वाकलेल्या, एकेकट्या, साखळ्या नाहीत, गठ्ठे नाहीत. चाचणीसाठी ही जात का आवडती आहे ते बघताक्षणी कळतं: मोजायला सोपी. आमच्या हौदातलं शेवाळ मोजायला घेतलं असतं तर धाग्याला पेशी किती, इथूनच वाद सुरू झाला असता.

१२ जून

माध्यम, म्हणजे शेवाळ वाढवायचं पोषक द्रावण, तयार केलं. ओईसीडीचंच घेतलं: लिटरला सोडियम बायकार्बोनेट ५० मिलिग्रॅम, अमोनियम क्लोराइड १५, कॅल्शियम क्लोराइड १८, मॅग्नेशियमचे दोन क्षार, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.६, आणि पुढे लोह, बोरॉन, मँगनीज, जस्त, कोबाल्ट, मॉलिब्डेनम असे चिमूटभर. तांबं तर ०.००००१ मिलिग्रॅम, ते वेगळं तोलणं अशक्यच, साठ्याच्या द्रावणातून पायरीपायरीने पातळ करत यावं लागतं. चार साठे केले. बायकार्बोनेट ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही, गाळणीने निर्जंतुक करून शेवटी मिसळायचं, नाहीतर बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो आणि त्याच्याबरोबर फॉस्फेटही खाली जातं.

हवेशी समतोल झाल्यावर पीएच ८.१ यायला हवा. रात्रभर ठेवल्यावर ८.०७.

माध्यमात ईडीटीए आहे. धातूची चाचणी असती तर त्याच्यावर वेगळा विचार करावा लागला असता, कारण तो धातूला धरून ठेवतो आणि विष सौम्य भासतं. ॲट्राझीनला त्याचं काही नाही.

काचसामान: प्रयोगशाळेतल्या मामांनी धुतलेलं चकचकीत असतं, पण साबणाचा अंश शेवाळाला चालत नाही. त्यांना विनंती केली की या कामाचे फ्लास्क वेगळ्या टबात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, मग भरपूर शुद्ध पाण्याने. मामा म्हणाले, “बाई, आता शेवाळ घालवायला नाही तर वाढवायला भांडी घासायची म्हणा की.”

१७ जून

दिवसभर प्रकाश मोजला. कंटाळवाणं काम, पण इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

नियम: प्रकाश चौरस मीटरला, सेकंदाला ६० ते १२० मायक्रोमोल, आणि मांडणीवर कुठेही सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. फळीवर चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत फ्लास्कच्या उंचीवर मीटर धरला. मधोमध ९६, डाव्या कोपऱ्यात ७१. एलईडी नळ्यांची टोकं मंद असतात. नळ्या थोड्या वर उचलल्या, मागच्या बाजूला पांढरा पुठ्ठा लावला, टोकाच्या चौकटी बाद केल्या. आता सगळीकडे ८२ ते ९३. त्याखेरीज रोज फ्लास्कच्या जागा सोडतीने बदलायच्या.

प्रकाशप्रणालीवर मारा करणाऱ्या रसायनाला प्रकाश किती हा प्रश्न साधा नाही. तोच ॲट्राझीन, तेवढीच मात्रा, प्रकाश बदलला की आकडा हलतो. म्हणून अहवालात ‘६० ते १२० च्या दरम्यान’ असं मोघम न लिहिता मोजलेली सरासरी द्यायची.

तापमान २३ वर स्थिर आहे, निदान वीज असेपर्यंत.

२४ जून

मोजणीची तालीम. आमच्याकडे कूल्टर काउंटर, म्हणजे पेशी आपोआप मोजणारं यंत्र, नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची, चौकोन कोरलेली न्यूबॉयर काचपट्टी आहे आणि पेशींची चमक मोजणारा फ्लुरोमीटर आहे. दोन्ही वापरायचं हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं, आणि का ते पुढे लिहीन.

काचपट्टीचं गणित: एक मोठा चौकोन १ मिलिमीटर बाय १ मिलिमीटर, खोली ०.१. म्हणजे एका चौकोनात मिलिलिटरचा दहा हजारावा भाग. सुरुवातीला मिलिलिटरला दहा हजार पेशी ठेवायच्या, म्हणजे चौकोनाला सरासरी एक पेशी! एखाद्या चौकोनात तीन दिसतील, शेजारी शून्य. शंभर पेशी मोजल्या तर चूक दहा टक्क्यांच्या आसपास राहते. पाच टक्क्यांवर आणायची तर चारशे मोजाव्या लागतात. त्यामुळे सुरुवातीचा आकडा फ्लास्कमधून मोजायचाच नाही. दाट संवर्ध मोजायचा आणि तिथून पातळ करत यायचं. आजचा संवर्ध मिलिलिटरला बारा लाख निघाला, चौकोनाला १२० पेशी. त्यातला ०.८३ मिलिलिटर शंभर मिलिलिटर माध्यमात टाकला की दहा हजार होतात.

ज्युनिअरने आणि मी एकच नमुना स्वतंत्रपणे मोजला. तिचे आकडे माझ्यापेक्षा सातत्याने थोडे जास्त. कारण सापडलं: रेषेवर बसलेल्या पेशी ती चारही बाजूंच्या धरत होती. वरची आणि डावी धरायची, खालची आणि उजवी सोडायची, असं ठरलं. त्यानंतर जुळले.

१ जुलै

पोटॅशियम डायक्रोमेटची संदर्भ चाचणी पूर्ण. आपला संवर्ध ज्ञात विषाला अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद देतो का, एवढंच बघायचं असतं. वाढदरावरून निम्मा परिणाम (वाढीचा दर निम्म्यावर आणणारी मात्रा) लिटरला १.१ मिलिग्रॅमला. आंतरराष्ट्रीय तुलनेत हा आकडा १.२ च्या आसपास येतो. ठीक.

क्रोमियमचं सांडपाणी वेगळ्या पिंपात, लेबल लावून. सिंकमध्ये थेंबही नको हे सगळ्यांना सांगितलं.

६ जुलै

पल्ला शोधायची चाचणी. ॲट्राझीन १, १०, १००, १००० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. विद्रावक वापरायचा नाही हा निर्णय मी हट्टाने घेतला. पद्धतीत लिटरला १०० मायक्रोलिटरपर्यंत चालतो, पण मग त्याचा वेगळा कंट्रोल (औषध न घातलेला, तुलनेचा फ्लास्क) आला, त्याच्यावर वाढणारे जीवाणू आले. ॲट्राझीन पाण्यात लिटरला तीसेक मिलिग्रॅम विरघळतं. मला साठा १० चा हवा. चुंबकी ढवळणीवर रात्रभर फिरवला, गाळला, आणि मात्रा एचपीएलसीवर (द्रावणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासली. वेळ लागतो, पण एक प्रश्न कायमचा मिटतो.

८ जुलै

काल रात्री धुवांधार पाऊस आणि वीज गुल. इन्व्हर्टरने दिवे काही वेळ धरले, मग अंधार. सकाळी खोलीचं तापमान २७ होतं. ही फेरी वैध धरायची नाही, पल्ल्याचा अंदाज तेवढा घ्यायचा. फ्लास्क रांगेत लावून मागे पांढरा कागद धरला तर आकड्यांशिवायही दिसतं: १ आणि १० हिरवेगार, कंट्रोलसारखेच, १०० फिकट, १००० मध्ये पाणी टाकीतल्या पाण्याइतकं नितळ. निर्णायक चाचणीसाठी २०, ४०, ८०, १६०, ३२० आणि ६४०. दुपटीची पायरी, ३.२ पटीपर्यंत चालते, पण वक्राच्या मधल्या चढावर जास्त बिंदू असलेले बरे.

दिव्यांसाठी मोठी बॅटरी मागितली आहे. मॅडमनी सही केली, पुढे कागद कुठल्या टेबलावर आहे कुणास ठाऊक.

१५ जुलै, निर्णायक चाचणी, शून्य तास

बॅटरी आली!

कंट्रोलचे सहा फ्लास्क, प्रत्येक मात्रेचे तीन. तीन दिवसांपूर्वी नव्याने लावलेला संवर्ध जोरात वाढीच्या टप्प्यात होता, तोच इनॉक्युलम, म्हणजे फ्लास्कांत सोडायचं बियाणं. सगळ्यांत दहा हजार पेशी प्रति मिलिलिटर. पीएच ८.१. प्रत्येक मात्रेचा नमुना रासायनिक विश्लेषणासाठी काढून ठेवला. शिवाय शेवाळ न घातलेला एक फ्लास्क १६० चा, म्हणजे ७२ तासांत रसायन कमी झालं तर ते आपोआप झालं की पेशींनी शोषलं हे कळेल.

फ्लास्कवर मात्रा लिहिलेली नाही, फक्त अंक. मोजणाऱ्याला माहीत नको. किल्ली मॅडमच्या कपाटात.

१६ जुलै, २४ तास

प्रत्येक फ्लास्कमधून दोन मिलिलिटर. आधी वीस मिनिटं अंधारात ठेवून फ्लुरोमीटरवर, मग ल्युगोलचं आयोडीन घालून मोजणीसाठी. हा क्रम उलटा करून चालत नाही. आयोडीनने पेशी तपकिरी होतात, मेल्यावर चमकणार काय?

काचपट्टीच्या दोन्ही खोल्यांतले मिळून अठरा चौकोन मोजले. बहुतेक फ्लास्कांत ऐंशीच्या आगेमागे पेशी, काहींत जेमतेम तीस. तीस पेशींवर बोलायचं म्हणजे अठरा टक्के इकडेतिकडे. पहिल्या दिवसाचे आकडे वाढीची दिशा दाखवायला ठीक, निष्कर्षाला नाहीत.

१७ जुलै, ४८ तास

डोळे दुखले. बाकी सुरळीत. वीज दोनदा गेली, बॅटरीने सांभाळलं, तापमान अर्ध्या अंशाने हललं.

१८ जुलै, ७२ तास

संपलं. शेवटचा नमुना संध्याकाळी साडेपाचला. पीएच: हिरव्या फ्लास्कांत ८.९, नितळ फ्लास्कांत ८.१ चा ८.१. पेशी कर्बवायू ओढतात म्हणून पीएच चढतो. जिथे प्रकाशसंश्लेषण थांबलं तिथे तो जागचा हलला नाही. किल्ली न बघताही कोण कोणत्या टोकाचं आहे ते पीएच मीटर सांगत होता. कंट्रोलमध्ये दीड एककाच्या आत राहायला हवा, ०.८ ने चढला.

२० जुलै

किल्ली उघडली. आधी वैधता.

कंट्रोलमध्ये ७२ तासांत बायोमास किमान सोळापट व्हायला हवं. झालं नव्वदपट: दहा हजारांचे नऊ लाख. दिवसाचा वाढदर सरासरी १.५०, सहा फ्लास्कांचे दर १.४७ ते १.५३, तफावत गुणांक दीड टक्का, मर्यादा सात. दिवसागणिक दर १.६२, १.५१, १.३७, हळूहळू उतरता पण ३५ टक्क्यांच्या मर्यादेपासून फार दूर. चाचणी वैध.

आता मुद्द्याचं. ८० मायक्रोग्रॅमच्या फ्लास्कांत ७२ तासांनी सरासरी तीन लाख पेशी. कंट्रोलमध्ये नऊ लाख. कुणीही म्हणेल, दोन तृतीयांश वाढ मारली गेली. पण वाढदर काढला, म्हणजे शेवटच्या आणि सुरुवातीच्या पेशीसंख्येच्या नैसर्गिक लॉगमधला फरक भागिले तीन दिवस, तर तो १.१३ येतो. दीडच्या तुलनेत चोवीस-पंचवीस टक्केच घट. एकच फ्लास्क, एकच मोजणी, आणि परिणाम एका हिशेबाने ६७ टक्के, दुसऱ्याने २५.

पूर्ण वक्र आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या डीआरसी पॅकेजने बसवला. वाढदरावरून निम्मा परिणाम १९० मायक्रोग्रॅमला. उत्पन्नावरून, म्हणजे ७२ तासांत किती बायोमास साचलं यावरून, ५२ ला.

ज्युनिअर म्हणाली, “मग खरा कोणता?” दोन्ही गणितं बरोबर आहेत. पण उत्पन्नाचा आकडा चाचणीच्या अटींवर लोंबकळतो. पेशी घातांकाने वाढतात, त्यामुळे दरातला छोटा फरक दिवसागणिक फुगत जातो. हीच चाचणी चार दिवस चालवली असती तर ५२ चा आणखी खाली आला असता. प्रकाश मंद करून कंट्रोलची वाढ कमी केली असती तर वर गेला असता. वाढदराचा आकडा त्यामानाने जागेवर राहतो. मी वाढदराच्या बाजूची आहे. उत्पन्नाचा आकडाही अहवालात जाईल, कारण काही नियामक तोही मागतात.

२३ जुलै

आता फ्लुरोमीटर. हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, आणि सगळ्यात कमी अहवालांत नीट लिहिलेला दिसतो.

फ्लुरोमीटरने काम झटपट होतं. काचपट्टीवर फ्लास्कमागे वीस मिनिटं, इथे अर्धं मिनिट. हरितद्रव्याची लाल चमक मोजायची आणि चमक म्हणजे बायोमास असं धरायचं. बहुतेक रसायनांना हे चालून जातं. ॲट्राझीनला चालत नाही. हरितद्रव्याने घेतलेली ऊर्जा तीन वाटांनी जाते: प्रकाशसंश्लेषणात, उष्णता म्हणून, किंवा चमक होऊन बाहेर. ॲट्राझीन पहिली वाट बंद करतं, म्हणून चमक वाढते. पेशी उपाशी, आणि यंत्राला ती जास्त उजळ दिसते.

आमचे आकडे, ७२ तास, कंट्रोल १०० धरून: १६० मायक्रोग्रॅमला काचपट्टीवर १३.६, फ्लुरोमीटरवर २०. ३२० ला काचपट्टीवर ५, फ्लुरोमीटरवर ८. म्हणजे दर पेशीमागे चमक दीडपटीच्या आसपास. नुसत्या फ्लुरोमीटरवर विसंबून वाढदर काढला तर निम्मा परिणाम २६० च्या आसपास येतो. १९० चे २६०: औषध आहे त्यापेक्षा सौम्य दिसतं, आणि यंत्रात बिघाड काहीच नाही.

मॅडमनी एक उपाय सुचवला. मोजण्याआधी सगळ्याच नमुन्यांत, कंट्रोलमध्येसुद्धा, डीसीएमयू टाकायचं. तेही तीच वाट अडवतं. सगळ्यांचीच वाट बंद झाली की उरलेला फरक हरितद्रव्याच्या प्रमाणाचा. करून बघितलं: कंट्रोलची चमक चांगलीच उसळली, ३२० ची जेमतेम हलली, कारण तिथे दार आधीच लागलेलं. १६० चा आकडा २० वरून १५ वर आला. बराचसा फरक गेला, थोडा राहिला. माझा अंदाज, या पेशींत हरितद्रव्यच जास्त असावं. प्रकाशाचा उपयोग होईनासा झाला की सावलीतल्या पानांप्रमाणे पेशी ते वाढवतात. ॲसिटोनमध्ये अर्क काढून पडताळायला हवं.

डीसीएमयू म्हणजेच डायुरॉन. आमच्या कपाटात विश्लेषणाच्या शुद्धतेची छोटी कुपी आहे, आणि तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात तेच उसाचं तणनाशक म्हणून मिळतं. २०२० च्या मसुद्यातल्या सत्तावीसमध्ये तेही होतं.

२७ जुलै

मेल्या की थांबल्या? ६४० च्या फ्लास्कमध्ये तीन दिवसांत पेशी दुप्पट झाल्या होत्या, जवळपास ठप्पच. त्या हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचं पाणी काढून, स्वच्छ माध्यमात सोडल्या. दहा हजारांपासून सुरुवात. बुधवारी सोडलेल्या आज सहा लाख. दिवसाचा दर १.३६. कंट्रोलच्या जवळच.

थांबल्या होत्या, मेल्या नव्हत्या. ॲट्राझीन डी१ प्रथिनाला कायमचं चिकटत नाही. आजूबाजूचं पाणी स्वच्छ झालं की सुटतं. हे अहवालात ठळक यायला हवं, पण सांभाळून. फवारणीनंतर पहिला मोठा पाऊस पडला, ओढ्यातून लोट गेला आणि पाणी वाहतं राहिलं, तर शेवाळ सावरेल. जिथे पाणी कोंडून राहतं, शेततळं किंवा बंधाऱ्यामागचा फुगवटा, तिथे सावरायला स्वच्छ पाणी आणायचं कुठून? मातीत याचं अर्धायुष्य दिवसांनी नव्हे, आठवड्या-महिन्यांनी मोजतात. आणि आडसाली लागण नेमकी पावसाळ्यात असते.

२ ऑगस्ट

रासायनिक विश्लेषण पूर्ण. खालच्या मात्रा थेट एचपीएलसीवर दिसत नाहीत. २० मायक्रोग्रॅमचा नमुना सी१८ च्या काडतुसातून ओढून घट्ट करावा लागला, मग २२२ नॅनोमीटरवर वाचला. शून्य तासाला ठरवलेल्या मात्रेच्या ९५ ते १०३ टक्के, ७२ तासांनी ९२ ते १०१. वीस टक्क्यांच्या आत, म्हणून गणित ठरवलेल्या मात्रेवरच राहू द्यायला हरकत नाही. शेवाळाविनाचा १६० चा फ्लास्कही तसाच. ॲट्राझीन उडत नाही, काचेला फारसं धरत नाही, या पीएचला फुटत नाही. चाचणीच्या दृष्टीने गुणी रसायन. नदीच्या दृष्टीने हाच अवगुण.

८ ऑगस्ट

मॅडमशी वर्गीकरणावर तासभर वाद. वाद म्हणजे चहा थंड होईपर्यंत.

जीएचएसच्या (रसायनांच्या धोक्याचं जागतिक वर्गीकरण) तक्त्यात शेवाळाचा निम्मा परिणाम लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याखाली असेल तर ‘जलचरांना तीव्र धोका, वर्ग १’. आपले दोन्ही आकडे, ०.१९ आणि ०.०५२, त्यात बसतात. तिथे मतभेद नाही. पण वर्ग १ मध्ये मिश्रणांसाठी गुणक लावतात: ०.१ ते १ च्या दरम्यान असेल तर गुणक १, ०.०१ ते ०.१ असेल तर १०. वाढदराने गुणक १, उत्पन्नाने १०. पाकिटात किती टक्के ॲट्राझीन असल्यावर अख्ख्या मिश्रणावर मेलेल्या माशाचं चिन्ह लागेल हे त्यावरून ठरतं. त्याच शेवाळाची तीच मोजणी, आणि हिशेबाच्या एका ओळीने दहापट फरक.

मॅडमचं मत: सावध बाजू घ्यावी, लहान आकडा द्यावा. माझं मत: सावधगिरी हवी तर ती सुरक्षा गुणकात उघडपणे घालावी, चाचणीच्या लांबीवर अवलंबून असलेल्या आकड्याआडून नको. जीएचएसचे मार्गदर्शकही वाढदरालाच पसंती देतात. शेवटी ठरलं: मुख्य आकडा वाढदराचा, शेजारच्या रकान्यात उत्पन्नाचा, खाली दोन ओळींत कारण. फ्लुरोमीटरचे आकडे परिशिष्टात, वेगळ्या आलेखात, ‘निष्कर्षासाठी वापरले नाहीत’ अशा शिक्क्यासह.

१४ ऑगस्ट

पुढच्या फेरीची तयारी: बाजारातली ५० टक्के भिजणारी भुकटी. शेतात शुद्ध ॲट्राझीन कुणीच मारत नाही, मारतात ते हे. अर्धं औषध, उरलेलं माती आणि भुकटी पाण्यात भिजवणारी द्रव्यं. मात्रा औषधाच्या हिशेबाने त्याच ठेवणार, म्हणजे आकडा बदलला तर तो बाकीच्या द्रव्यांमुळे.

आज नमुना म्हणून थोडी भुकटी माध्यमात ढवळून काचपट्टीवर बघितली. पंचाईत आहे. मातीचे कण आणि पेशी जवळपास एकाच मापाचे. ल्युगोलनंतर दोन्ही तपकिरी. कोयरी कुठली आणि खडा कुठला हे ओळखत बसलं तर फ्लास्कमागे तास जाईल, आणि तरीही खात्री नाही. शिवाय वरच्या मात्रेत पाणी गढूळ होतं, म्हणजे प्रकाश कमी पडूनही वाढ खुंटेल आणि त्याचं खापर औषधावर फुटेल.

इथे फ्लुरोमीटर उपयोगी पडणार, कारण माती लाल चमकत नाही. पण पेशींवर थेट नाही. गाळणकागदावर पेशी घ्यायच्या, ॲसिटोनमध्ये हरितद्रव्याचा अर्क काढायचा आणि अर्काची चमक मोजायची. अर्कात प्रकाशसंश्लेषण उरतच नाही, त्यामुळे वाट बंद-उघडी असण्याचा प्रश्न मिटतो. पेशीमागे हरितद्रव्य वाढतं हा पेच राहतो. त्यासाठी शुद्ध ॲट्राझीनची एक समांतर रांग ठेवून तिथे पेशीही मोजायच्या आणि अर्कही, म्हणजे दुरुस्तीचा गुणक हाती येईल. गढूळपणासाठी नुसत्या मातीचा एक कंट्रोल. निर्मात्याकडून कोरी भुकटी मिळणं कठीण, म्हणून केओलिन ही पांढरी माती वापरून बघू.

ज्युनिअरला अर्काची पद्धत बसवायला सांगितलं आहे. गाळणकागद संपलेत, मागणी टाकली. २७८/४ चा उपसंवर्ध सोमवारी.